एकाच पायातली चप्पल

चेर्वीया,
२१ सप्टेंबर २००९

प्रिय देल्फिना,

तुझे गुडघे फार कुरकुरत नसतील आणि लोदीला अजून धुकं उतरलं नसेल, असं धरून चालते. आम्ही दोघं खुशाल आहोत. नाताळ नसताना माझं पाकीट आलेलं बघून तुझ्या काळजात धस्स होईल, म्हणून आधीच सांगते, कोणी गेलेलं नाही. आई मार्चमध्ये गेली ते तुला दोन ओळींत कळवलं होतं. तू पांढरी फुलं पाठवलीस, त्याचे आभार मानायचे राहिले. आज मानते.

आम्ही आठवडाभर समुद्रावर आलो आहोत. ऑगस्टची गर्दी ओसरली की हॉटेलवाले आपल्यासारख्या म्हाताऱ्यांशी जरा गोड बोलतात. ओत्तोरीनो रोज सकाळी गुडघाभर पाण्यात उभा राहतो आणि आपण पोहून आलो असं जेवताना सांगतो. मी अजूनही पाण्यात जात नाही. काठावर खुर्ची टाकून बसते.

कालची तारीख तुझ्या लक्षात असेलच. त्याबद्दल लिहायलाच बसले आहे, पण आधी कालचा दिवस सांगू दे. सरळ मुद्द्यावर आले तर माझा हात थांबेल, हे मला ठाऊक आहे. एक्कावन्न वर्षं तो असाच थांबत आलाय.

काल सकाळी आम्ही रावेन्नाला गेलो. आपलं कोमाक्यो तिथून हाकेच्या अंतरावर, आणि तरी लहानपणी आपल्याला कोणी रावेन्ना दाखवलं नव्हतं. बाबा म्हणायचे, रावेन्नात पाहायचं काय, मासळीबाजार आपलाच मोठा आहे. देल्फिना, पहिल्या चर्चचं ते काचेच्या तुकड्यांनी मढवलेलं छत बघून मी अक्षरशः तोंड उघडं टाकून उभी राहिले. हिरवं, सोनेरी, आणि एवढं ताजं की कारागीर जेवायला गेलेत आणि आत्ता परत येतील असं वाटावं. ओत्तोरीनोने मान वर केली, खाली केली आणि म्हणाला, "नखाएवढे तुकडे लावून ह्यांनी अख्खं देऊळ उभं केलं. आणि आपल्या न्हाणीघराच्या चाळीस फरश्या लावायला त्या गवंड्याने तीन महिने घेतले!" पुढे उभी असलेली जर्मन बाई वळून बघायला लागली. तिला समजलं काहीच नाही, पण हसली.

दुसऱ्या चर्चमध्ये भिंतभर पांढऱ्या झग्यातल्या संत स्त्रियांची रांग आहे. सगळ्यांचे चेहरे सारखे, सगळ्यांच्या हातात मुकुट. पण प्रत्येकीच्या डोक्यावर तिचं नाव लिहिलंय. मी एकेक नाव वाचत पुढे गेले. मला ते फार आवडलं. दीड हजार वर्षं झाली तरी हिला कोणी तिच्या नावाने ओळखेल, शेजारणीचं पुण्य हिच्या खात्यावर किंवा हिचं शेजारणीच्या खात्यावर जाणार नाही. तेव्हा एवढंच वाटलं होतं. दुपारनंतर त्याचा अर्थ लागला.

मग कलासंग्रहालय. ओत्तोरीनोचं संग्रहालय बघणं तुला माहीत नाही. चाळीस वर्षं तोरीनोत ट्राम चालवलेला माणूस, तो दालनातून सरळ रेषेत जातो आणि बाक दिसला की थांबतो. त्याला मी म्हटलं, "अरे, चित्रं भिंतीवर आहेत, बाकाखाली नाहीत." तर म्हणतो, "मी बाकांचा अभ्यास करतोय, तू चित्रांचा कर, संध्याकाळी एकमेकांना सांगू." तिथे एक संगमरवरी सरदार झोपलेला आहे, चिलखतासकट, मेलेला. पूर्वी म्हणे त्याचं चुंबन घेतलं की मुलीचं वर्षभरात लग्न व्हायचं. आता हात लावू देत नाहीत. ओत्तोरीनो पहारेकऱ्याला म्हणाला, "माझ्या बायकोला घेऊ द्या हो एकदा, तिला माझ्यापासून सुटायचं आहे." पहारेकरी गंभीरपणे म्हणाला, "साहेब, तो फक्त लग्न जुळवतो, मोडत नाही."

बघ, नमनालाच घडाभर तेल जाळतेय. पण हे सगळं मी कारण असल्याशिवाय सांगत नाही. त्या छताखाली उभी असताना, बाहेर येऊन पियादीनाची गरम पोळी खाताना, आतलं मऊ चीज ओत्तोरीनोच्या शर्टावर गळताना, मला एकच गोष्ट वाटत होती, की हे बघायला, खायला आणि हसायला मी आहे. मी आहे ती तुझ्यामुळे. हे तुला कुणी कधी सांगितलं नाही. मी तर नाहीच नाही.

जेवणानंतर आम्ही मोन्तेलियेतोला गेलो. त्याचं कारण आई.

तुला आठवतं का, बाबा दर सप्टेंबरला एक दिवस सायकल घेऊन कुठेतरी जायचे? नाही, तुला कसं आठवेल, ते तू गेल्यानंतर सुरू झालं. जाळी आणायला जातो म्हणायचे. पहाटे निघायचे, सत्तर किलोमीटर जायचे, अंधार पडल्यावर परत यायचे, आणि जाळी काही आणायचे नाहीत. एकदा त्यांच्या खिशात मोन्तेलियेतोच्या खानावळीचा कागद निघाला. झालं! आईने ठरवून टाकलं की तिथे त्यांनी बाई ठेवलीय. बाबा त्र्याऐंशी साली वारले तोवर तिने त्यांना "तुझी ती टेकडीवरची" म्हणून टोमणे मारले, आणि बाबांनी एकदाही नाही म्हटलं नाही. ह्या मार्चमध्ये, जायच्या चार दिवस आधी, आईने माझा हात धरला आणि म्हणाली, "नीवेस, त्या बाईला एकदा बघून ये. माझ्यापेक्षा देखणी होती का, तेवढं मला कळायला हवं होतं."

तेव्हा काल, त्याच तारखेला, मी बाबांच्या बाईला बघायला गेले.

गावात शंभर घरं आणि टेकडीच्या टोकाला मरियामातेचं चर्च. खानावळीत विचारलं, तर मालक म्हणाला, "बायका इथे भरपूर, पण बाहेरगावचे पुरुष फक्त वरच्या बाईसाठी येतात." आणि बोट वर केलं. ओत्तोरीनोला चढ बघून धाप लागली, पण आत गारवा असेल ह्या आशेने तो चढला.

चर्चला लागून नवसाच्या पाट्यांचं छोटं संग्रहालय केलंय. आपल्याकडे घरोघर ज्यांच्या गोष्टी सांगायचे तशाच पाट्या, लहानशा लाकडी फळ्यांवर रंगवलेल्या. कुणी तुतीच्या झाडावरून पडतोय, कुणाची बैलगाडी उलटलीय, कुणी तापाने फणफणलेला खाटेवर, आणि प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात ढगावर मरियामाता बाळाला घेऊन बसलेली. नवस पुरा झाला, माणूस वाचला, की पाटी आणून टांगायची. सकाळच्या सोन्याच्या छतानंतर ही वेडीवाकडी चित्रं बघून मला रडू यायला लागलं. इथे सगळे वाचलेलेच होते. आणि गंमत म्हणजे ओत्तोरीनो एकाही बाकावर बसला नाही! ट्रामखाली आलेल्या माणसाच्या पाटीसमोर तो दहा मिनिटं उभा होता. शेवटी म्हणाला, "ड्रायव्हरची चूक नाही. ब्रेक लावलेला स्पष्ट दिसतोय."

तिकिटांच्या टेबलाशी एर्सीलिया नावाच्या बाई बसतात. निवृत्त शिक्षिका, ऐंशीच्या घरातल्या, आवाज अजून चौथीच्या वर्गातला. मी पाट्या बघत शेवटच्या भिंतीशी गेले.

देल्फिना, तिथे आपण होतो.

कालवा, लाकडी धक्का, आपली सपाट तळाची काळी होडी. पाण्यात एक लहान मुलगी, आणि तिला केसांना धरून वर ओढणारी एक मोठी मुलगी. पिवळा झगा. तुझी ती एकच वेणी, उजव्या खांद्यावरून. एका पायात लाकडी तळाची चप्पल, दुसरा पाय उघडा, आणि लांब कोपऱ्यात दुसरी चप्पल तरंगत चाललेली. खाली तारीख, २० सप्टेंबर १९५८, आणि दोन अक्षरं, बाबांच्या नावाची.

पाटीखाली छापील चिठ्ठी होती. कुणा प्राध्यापकाने लिहिलेली. ती मी उतरवून घेतली, जशीच्या तशी देते: "बुडणाऱ्या बालिकेला तिचा संरक्षक देवदूत वाचवत आहे. देवदूताला पंख नाहीत, ही ग्रामीण चित्रकाराच्या हाताची मर्यादा. त्याचा एक पाय अनवाणी दाखवला आहे, तो विनम्रतेचं प्रतीक. बालिकेच्या मुठीत जपमाळ आहे."

मी हसायला लागले. आधी हळू, मग मला आवरेना. विनम्रता! त्या हरवलेल्या चपलेसाठी, मला पाण्यातून काढल्यावर पाच मिनिटांत, आईने तुझ्या कानाखाली मारली होती. ओत्तोरीनो धावत आला. एर्सीलियाबाई काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "बाईसाहेब, इथे हसत नाहीत. लोक मरता मरता वाचलेत."

"ती लहान मुलगी मी आहे," मी म्हटलं. "आणि हा देवदूत नाही. ही माझी चुलत बहीण आहे, आमच्याच घरात वाढलेली. लोदीला राहते. तिचे गुडघे दुखतात."

बाईंनी चष्मा वर केला. "प्राध्यापकांनी तीन पुस्तकं चाळून लिहिलंय ते."

"चाळू देत. तिची वेणी मी रोज ओढायची. मला ठाऊक आहे."

"आणि जपमाळ?"

ओत्तोरीनो माझ्याकडे बघत होता. सदतीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट मी त्यालाही सांगितली नव्हती. खाई त्याला खवखवे, तसं माझं झालं होतं. त्या मुठीतली वस्तू जपमाळ नाही, हे मला चिठ्ठी वाचायच्या आधीच दिसलं होतं.

आता लिहिते. थांबले तर हे पत्रही बाकीच्यांसारखं फाडावं लागेल.

होडीचा दोर मी सोडला होता. तू धक्क्यावर बसून गणितं करत होतीस आणि मला म्हणाली होतीस, "नीवेस, गाठीला हात लावू नकोस, कालव्याचं दार उघडलंय, पाण्याला ओढ आहे." मी मुद्दाम लावला. मला तुला घाबरवायचं होतं. होडी सुटली, मी दोरासकट पाण्यात गेले, आणि तू उडी मारलीस. लोक जमले. आईने विचारलं, दोर कुणी सोडला? मी तुझ्याकडे बोट दाखवलं. तू फक्त एकदा म्हणालीस, "मी नाही, काकू." मग माझ्याकडे बघितलंस आणि गप्प झालीस. ते बघणं मी अजून विसरले नाही. आठ दिवसांनी तुझी पेटी बांधली आणि तुला मिलानला त्या डॉक्टरच्या घरी कामाला पाठवलं. तेरा वर्षांची होतीस. वर्गात गणितात पहिली. आई रोज रडून बाबांना म्हणत होती, परक्याची पोर माझ्या पोरीचा जीव घेईल. तो राग माझ्या वाटणीचा होता. वड्याचं तेल वांग्यावर गेलं, आणि मी सात वर्षांची होते म्हणून गप्प राहिले. मग सतरा वर्षांची होते तरी गप्प राहिले. सत्तावीस, सदतीस. लहान होते ही सबब किती वर्षं पुरावी, तूच सांग.

एर्सीलियाबाईंना आणि ओत्तोरीनोला मी हे काल त्या पाटीसमोर सांगितलं. माझ्या मुठीत दोराचं टोक आहे. त्या दिवशी बाबांनीच माझी बोटं एकेक करून उघडली होती आणि तो दोर काढून खिशात घातला होता. मला वाटायचं त्यांना काही कळलं नाही. त्यांना सगळं कळलं होतं, त्याच क्षणी, आणि त्यांनी ते जसंच्या तसं रंगवून घेतलं.

बाईंनी काठी उचलून पाटीकडे रोखली. मग ओत्तोरीनोला म्हणाल्या, "उंच आहात, काढा ती पाटी खाली." पाठीमागे, बाबांच्या त्या मोठ्या, चुकत माकत काढलेल्या अक्षरांत पेन्सिलीने लिहिलं होतं:

"दोर धाकटीने सोडला. उडी थोरलीने मारली. दोघी माझ्याच. घरी बोलायची छाती झाली नाही, म्हणून इथे. प्रीमो."

थोरली, देल्फिना. पुतणी नाही. थोरली.

"थांबा, थांबा," एर्सीलियाबाई म्हणाल्या, "कोमाक्योचा तो सायकलवाला! दर सप्टेंबरला यायचा. फादरसाठी व्हिनेगरात मुरवलेल्या वाम माशाचा डबा आणायचा, सगळं चर्च वासाने भरून जायचं. मी फुलं बदलायला असायचे. फादर विचारायचे, मेणबत्ती कुणाच्या नावाने? तर म्हणायचा, धाकटी घरी आहे, तिला मी बघतो. थोरलीला आता तूच बघ, असं मरियामातेला सांगा. आम्हाला वाटायचं, थोरली वारली असणार."

बाबांवर मला राग आला का? आला. माझ्यासारखाच भित्रा माणूस. खरं बोलायला सत्तर किलोमीटर लांब गेले, आणि तेही लाकडाच्या फळीच्या मागच्या बाजूला. आयुष्यभर बायकोकडून बाहेरख्याली म्हणून ऐकून घेतलं, पण एक वाक्य तिला सांगता आलं नाही. त्यांच्या मयताला तू आली होतीस, मागच्या बाकावर बसून दुपारच्या बसने परत गेलीस. तेव्हाही मी उठून तुझ्याजवळ आले नाही. पण ते तुला विसरून गेले होते असं जर तुला इतकी वर्षं वाटत असेल, तर तसं नव्हतं. हे तुझं आहे आणि तुझ्यापर्यंत पोचायला हवं, म्हणून मी हे पत्र लिहिते आहे. आईसाठी मी मरियामातेसमोर मेणबत्ती लावली आणि मनातल्या मनात सांगितलं, बघितली गं तुझी सवत. निळ्या झग्यात आहे. देखणी आहे, पण तू काळजी करू नकोस.

परत येताना गाडी ओत्तोरीनो चालवत होता. समुद्र दिसायला लागल्यावर गाडी थांबवली आणि म्हणाला, "तिने उडी मारली नसती तर मी चाळीस वर्षं ट्राम चालवून कुणाच्या घरी गेलो असतो?" मग नाक शिंकरून पुन्हा गाडी सुरू केली. त्यानेही तुझे आभार मानायला सांगितलेत. माझी दोन्ही मुलं, त्यांची मुलं, सगळ्यांच्या वतीने मी मानते. सकाळचं ते हिरवं छत, तो झोपलेला सरदार, शर्टावरचं चीज, ह्या सगळ्यांसाठी मानते. कालच्या इतका आनंदाचा दिवस मला क्वचित लाभला असेल, आणि मी तुझ्या वाटचे दिवस घेऊन जगत आले, हेही मला कळतं.

तू माफ कर असं मी लिहीत नाही. आमच्या घराने तुझ्यावर पुष्कळ कामं टाकली, त्यात आणखी एकाची भर नको. पण एक विचारायचं आहे. प्राध्यापकांची चिठ्ठी एर्सीलियाबाईंनी तिथल्या तिथे फाडली. माझ्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हणाल्या, "लिहा. नावांसकट. पण भिंतीवर लावण्याआधी थोरलीला विचारून या, इतकी वर्षं तिला कोणी विचारलेलं दिसत नाही." मी लिहिलेलं सोबत पाठवते आहे. हवं ते खोड, हवं ते घाल, किंवा चुलीत टाक. त्या पांढऱ्या झग्यातल्या बायकांसारखं तुझं नाव तुझ्या डोक्यावर असावं, एवढीच माझी इच्छा आहे.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही तोरीनोहून गाडी घेऊन लोदीला येऊ. दहा वाजता तुझ्या दाराशी उभी राहीन. दार उघडलंस तर तिघं मिळून टेकडीवर जाऊ. गाडी चर्चच्या दारापर्यंत जाते, कालच उगाच चढलो. उघडलं नाहीस तर कागद दाराखालून बाहेर सरकव, तोही मला चालेल.

सोबतचा मजकूर असा आहे: "कोमाक्यो, २० सप्टेंबर १९५८. देल्फिना, वय वर्षे तेरा, हिने पाण्यात उडी मारून धाकट्या बहिणीला वाचवलं. दोर तिने सोडला नव्हता."

सही मी दोन्हीकडे एकच करते आहे, तिथे आणि इथे.

तुझ्यामुळे असलेली,
नीवेस,
जिने दोर सोडला